वाकायची परवानगी

ती. इंदुताईस,

धाकट्या सोमारीचा साष्टांग नमस्कार (उभ्यानंच. ऑपरेशनपासून देवालाही उभ्यानंच करते आहे). तुझे गुडघे बरे असतील आणि अंगणवाडीची पोरं तुला फार पळवत नसतील, अशी आशा आहे.

माझं म्हणशील तर ऑपरेशनला साडेतीन महिने झाले. मणक्यातली गादी सरकून नसेवर दाबत होती, तेवढा तुकडा काढला आणि दुसऱ्याच दिवशी चालवलं. पायातल्या ज्या कळेपायी मी गेल्या साली धानाचा रोवणा अर्धा टाकून चिखलात बसले होते, ती गेली ती गेलीच. आता कमरेचा पट्टाही सुटला, रोज तलावापर्यंत चालते. तीन महिने मात्र भुईवरचं काही उचललं नाही. भाकर पडली तर लेक दिव्यानी कॉलेजातून येईस्तोवर तशीच (कोंबड्यांचे दिवस फार चांगले गेले).

खरा घोळ झाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, या काम काय करतात? मी तोंड उघडायच्या आत दिव्यानीचे बाबा म्हणाले, "काही नाई साहेब, घरीच राह्यते." घरीच! पंचवीस वर्षं मी पंधरा बायांच्या पुढे दिवसभर वाकून धान रोवते, आणि घरीच! रागानं मी ह्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मान हलवून लिहिलं, तीन महिन्यांनी नेहमीची कामं करायला हरकत नाही.

तो कागद मी देवाजवळ जपून ठेवला. परवा रोवणा लागला तशी कागद घेऊन निघाले, तर हे दारात आडवे. "वाकाचं नाई म्हन्जे नाई! काऊन जिवावर उठून राह्यली?" मी म्हटलं, "कागदावर नेहमीचे कामं लिहून आहे. पंचवीस वर्षं रोवण्याले काय शेजारीण जात होती?" ह्यांनी कागदच घेऊन खिशात घातला. भीतीनंच, हे मला कळतं. ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्याच्या पायरीवर उपाशी बसून होते.

म्हणून सध्या मी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसते. बायांच्या पुढे माझ्या जागी आता रंभा आहे. रोवण्याचं गाणं इतकं वर धरते की तिसऱ्या ओळीला बायांचा दम जातो. काल मला तिथेच रडू आलं, ताई. पाय दुखत नव्हता, तरी.

पण मी ऐकते आहे सगळ्यांचं. काळजी नसावी.

तुझी,
सोमारी

ता. क. चिठ्ठीला चिखल लागला आहे. एकच ओळ रोवली, तीही गुडघे टेकून. रंभाशिवाय कुणी पाहिलं नाही.

आणखी ता. क. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं आहे. तू गडचिरोलीहून ये आणि माझ्यासोबत चल. मी काय काम करते ते तू सांग. हे पुन्हा घरीच म्हणतील आणि माझं तोंड तिथे उघडत नाही. (फोन केला असता, पण फोनही ह्यांच्याच खिशात असतो.)

शेवटचं. तपासून झालं की मी बाहेरच्या बाकावर बसेन, निकाल तू ऐक. डॉक्टर नाही म्हणाले तरी हसत बाहेर ये. खरं काय ते रोवणा आटोपल्यावर सांग.