श्प्रिंत्सा नावाचं इथे कोणी राहत नाही

माँट्रियल, बुधवार

प्रिय आल्टर,

ब्लूमाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. थू थू थू, कोणाची नजर न लागो. केस काळेभोर, बापाकडचे, आणि ओरडणं थेट आपल्या आईचं. ही बातमी सगळ्यात आधी तुला कळवायची सोडून मी इतके दिवस गप्प का बसले, तर माझा तुझ्यावर संशय होता. परवा एक पत्र लिहून फाडलंसुद्धा. त्यात बातमी कमी आणि तुला शिव्याच जास्त होत्या.

झालं असं. इस्पितळात मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. ब्लूमा नवऱ्याकडे बघते, नवरा खिडकीकडे बघतो, आणि मग ती हळूच म्हणते, "आई, हिचं नाव श्प्रिंत्सा ठेवायचं ठरवलंय आम्ही." माझंच नाव, मी समोर बसलेली असताना! अरे, आपल्या युरोपकडच्या ज्यूंत जिवंत माणसाचं नाव बाळाला कोणी ठेवतं का? माणूस गेलं की मग त्याचं नाव. म्हणजे मी गेल्यात जमा? माझ्या पोटातल्या गाठीचं डॉक्टरला माहीत, मला माहीत, आणि तिसरा तू. हिवाळा निघाला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाला, तेही मी फक्त तुलाच फोनवर सांगितलं. ब्लूमा मोकळी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली होती. मग ह्यांना कुठून कळलं?

आणि एकदा संशय आला की पुरावे आपोआप गोळा व्हायला लागतात. आमचा जावई अमराम एरवी माझ्या पिशव्यांकडे ढुंकून बघत नाही, तो जिना चढताना माझा हात धरायला लागला. विहीणबाईंनी सूप पाठवलं, तेही दोनदा. विहीणबाई मोरोक्कोकडच्या ज्यू, त्यांना माझं सगळं अळणी लागतं आणि मला त्यांचं सगळं तिखट, हे दोघींना पक्कं ठाऊक आहे. मग सूप कशाला? मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. शेजारच्या पर्लला नाव सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, नाव आहे की शिंक? शाळेत पोरी तिला जगू देतील का?" तिचंही खरंच आहे. साठीच्या आतली एक तरी श्प्रिंत्सा दाखव मला. शिवणाच्या कारखान्यात सगळा जन्म मला सिल्व्हिया म्हणत, कारण माझं नाव घेताना साहेबाची थुंकी उडायची. अशा नावाचा कोणाला आपणहून पुळका येतो? पुळका कसला, दयाच असणार.

मी ब्लूमाला साफ सांगितलं, नाव घाणेरडं आहे, दुसरं बघा. तर ती रडायला लागली. ओली बाळंतीण, तिला रडवलं म्हणून मलाही रडू आलं. म्हणाली, "बाबा गेल्यापासून ते नाव घरात कोणी घेतलेलंच नाही, आई. बाबा जिन्यातूनच हाक मारायचे. मला ती हाक परत ऐकायचीय."  मी मनातल्या मनात म्हटलं, छान पाठ करून आलीय.

मग रविवारी विहीणबाई मेसोदी स्वतः आल्या, एवढ्या बर्फातून, डबा छातीशी धरून. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? मी सरळ विचारलं, माझंच नाव का? त्या उलट मलाच म्हणाल्या, "अहो, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आमच्याकडे जिवंतपणीच नाव देतात. त्यानं आजीचं आयुष्य वाढतं. माझ्या चार नाती मेसोदी आहेत, एकीला हाक मारली की चौघी भांडत येतात. मेल्यावर नाव ठेवून काय उपयोग, ऐकायला आपण असतो का? हिलाही माझंच ठेवणार होते. मीच म्हटलं, आता त्या बाईंचं ठेवा, त्यांची ही पहिलीच नात." मी त्यांच्या डोळ्यांत टक लावून बघत होते. इतकी वर्षं बाजारातून मासे आणतेय, डोळे बघून ताजं-शिळं कळतं मला. बाई खरं बोलत होत्या. कोणालाच काही माहीत नाही. तुझं तोंड बंदच होतं, आल्टर. माफ कर बाबा.

तू म्हणशील, मग झालं तर, ठेवू दे नाव. पण माझी भीती वेगळीच आहे, आणि ती त्यांना सांगायची तर गाठीचंही सांगावं लागेल. मृत्यूचा दूत माझं नाव घेऊन निघालाय. तो नाव बघतो, वय बघत नाही, असं आई सांगायची. घरात दोन श्प्रिंत्सा, एक सत्तरीची आणि एक पाळण्यातली, आणि त्यानं चुकून पाळण्यात हात घातला तर? विहीणबाईंकडच्या दूताला चार मेसोदींतून पाचवी म्हातारी बरोबर ओळखता येत असेल. आपल्याकडच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

त्याला चकवता येतं, हे तुझ्यावरूनच मला माहीत आहे. तू तीन वर्षांचा होतास आणि तुझं नाव मेंडल होतं. तापात तू डोळे फिरवलेस, तेव्हा आईनं रब्बींना बोलावून नाव बदललं: आल्टर, म्हणजे म्हातारा. तीन वर्षांचा म्हातारा! दूत आला, मेंडल काही सापडला नाही, हात हलवत परत गेला. रिकामं झालेलं ते नाव पुढच्या वर्षी मावशीनं आपल्या मुलाला ठेवलं, आणि तो मेंडल अजून ठणठणीत आहे, तिसरं लग्न करून बसलाय.

तर आता नीट ऐक, पत्र ह्यासाठी लिहितेय. काल सकाळी कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघरात जाऊन मी माझं नाव बदलून घेतलं. रब्बी म्हणाले, नवं नाव जुन्याच्या पुढे लावू. मी म्हटलं, पुढे नको, जुनं काढूनच टाका. प्रार्थनेला दहा म्हातारे होते, त्यातले निम्मे बहिरे, त्यामुळे बातमी फुटायची भीती नाही. मग ब्लूमाला नावाचा होकार दिला, आणि मला सर्दी झाल्याचं निमित्त करून, बाळाचं नाव प्रार्थनाघरात ह्या शनिवारी पुकारायचं होतं ते पुढच्या शनिवारवर ढकललं. तेवढ्यात दूतानं येऊन जावं, रिकाम्या हातानं. मला वाचायचंय म्हणून केलं नाही रे हे. चौकशी करत करत तो मला नव्या नावानंही शोधून काढेल. काढू दे. त्यानं फक्त पाळणा चुकवावा. पण मला त्या जुन्या नावानं हाक मारणारा आता जगात एकटा तूच उरलायस. म्हणून हात जोडते, पुढच्या शनिवारपर्यंत ते तोंडातून काढू नकोस. फोनवर नको, पाकिटावर नको. कोणी विचारलंच तर सांग, श्प्रिंत्सा नावाचं तिथे कोणी राहत नाही. आणि तो शनिवार पार पडला की विनिपेगहून गाडी पकडून ये, आणि जिन्यातूनच मोठ्यानं हाक मार, ब्लूमाचे बाबा मारायचे तशी. मी ओ देणार नाही. पाळण्यातून रडणं ऐकू येईल, तेच उत्तर समज.

तुझीच म्हातारी बहीण,
आल्टे