ओविदियोच्या बटाट्यांत घर

चिलोए बेट,
४ मार्च १९६८

ती. एलिसेओदादा यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. मी कुंपणाचा नाद सोडला आहे. ओविदियो म्हणतो, आपलं घर हातभर त्याच्या जमिनीत आहे, असेल. आधी बाबा भांडले, मग तू, मग मी. आता कंटाळा आला. लाकडी घरच ओंडक्यांवरून ओढून टेकडीवर नेते आणि निवांत मातेचा चहा पीत बसते.

महिनाअखेरीस मिंगा ठरली आहे. घर ओढायला अख्खं गाव येईल, मी फक्त जेवण घालायचं. रिवाजाप्रमाणे घरोघर स्वतः जाऊन बैल मागितले. ओविदियोलाच वगळलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून तिथंही गेले. दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. येतो म्हणाला, पण जेवणार नाही म्हणाला.

माया कमी करू नकोस.

तुझी,
झुनिल्दा


पुंता अरेनास,
१५ मार्च

चि. झुनिल्दा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. आज हातभर जमीन सोडलीस, उद्या तो चूल मागेल. ओविदियो माफी मागेपर्यंत गावात पाऊल ठेवणार नाही, असं मी धक्क्यावर सगळ्यांदेखत बोललो होतो. तू गुपचूप मिटवून टाकलंस, तर मी परत यायचं कसं? इथं परक्यांच्या मेंढ्या कातरत म्हातारा होतोय. घर हलवू नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
एलिसेओ


चिलोए,
२ एप्रिल

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

घर हलवलं. तुझं पत्र पोचलं होतं, पण तोवर जेवणाचे बटाटे सोलून झाले होते.

टेकडीची वाट ओविदियोच्या शेतातून जाते. त्याचेच बैल सगळ्यांत पुढे होते. ऐन त्याच्या बटाट्यांत घराखालचा ओंडका मोडला आणि घर रुतलं. पुन्हा पुन्हा ओढलं. सगळे एकमेकांवर खेकसायला लागले. मग ओविदियोनं जू सोडलं आणि म्हणाला, बैल दमले, माणसं दमली, ही बाईही दमलेली दिसते, राहू दे घर इथंच. मी म्हटलं, अरे, ही जमीन तर तुझी. तो म्हणाला, हो, निदान त्यावर तरी वाद नाही. मग जेवायला बसला. बटाट्याचे मिल्काओ मागून मागून खाल्ले.

तुला हव्या असलेल्या माफीचं त्याला विचारलं. ती समोरासमोर मागायची असते, पत्रातून नाही, म्हणाला. म्हणजे माफीशिवाय तू येणार नाहीस आणि तू आल्याशिवाय माफी नाही. हा गुंता सोडवायचे कष्ट मी घेणार नाही. पण दादा, तुझी फार आठवण येते.

ख्यालीखुशाली कळवत जा.

झुनिल्दा


पुंता अरेनास,
१४ एप्रिल

चि. झुनिल्दा हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि संताप येईल म्हणून बसून राहिलो. आला नाही, झोप आली. भरदुपारी झोपलो, कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो.

शनिवारच्या बोटीनं निघतो. ओविदियोला सांग, माफी राहू दे. घर त्याच्या शेतात आहे, तेव्हा आपल्या घरी यायला मला त्याचीच परवानगी लागणार. ती तू मागून ठेवू नकोस. त्याच्या दारात जाऊन मीच मागेन.

बाकी भेटीत. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा दादा,
एलिसेओ