तिसरी ओळ

१४ नोव्हेंबर, वडसा

बायकोच्या, सुमनच्या हृदयातला स्टेंट पुन्हा चोंदत चाललाय. डॉक्टर म्हणाले, स्टेंटच्या जाळीला जनावराच्या हृदयावरच्या पातळ पडद्याचं अस्तर लावून पाहताहेत, शरीराला ती परकी वाटू नये म्हणून. पण हिला कधी मिळेल, सांगता येत नाही.

सुमन मलाच म्हणते, "बकरीचं कातडं तुमच्या ढोलकीले चालते, मले काऊन नाई?" डॉक्टरही हसले.

माझी नाटकमंडळी उभी राहिली ती हिच्या गाण्याच्या गळ्यावर. आता गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला दम तुटतो.

परतताना गाडीत ती गुणगुणू लागली. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तिसरी ओळ ऐकायची होती, बस्स. तिनं गाणं तिथंच सोडलं.

"काऊन थांबवली जी?"

"इंजिन तापलं," म्हणालो.