नॉर्मल वाल्देमार

१४ मे

वाल्देमारचा मेणात बसवलेला ठोकळा आता नखाच्या जाडीचा उरला आहे. डॉक्टर बेरुत्ती म्हणाली, "ओरोस्मान, दुसरा कंट्रोल शोधायला घे." हो म्हणालो. शोधणार नाही.

१५ मे

थोरल्या भावाच्या मेंदूचे काप करणं चमत्कारिक आहे, हे मला कळतं. काचपट्टीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण सगळ्या प्रयोगशाळेला माहीत आहे. देहदानाच्या कागदावर सही करताना तोच म्हणाला होता— "मेंदू खुशाल घ्या. फारसा वापरलेला नाही, नव्यासारखा आहे."

आमच्याकडे येतात ते आजारी मेंदू. धडधाकट कुणी देत नाही. हा हृदयविकाराने गेला, मेंदू ठणठणीत. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कापाशेजारी, त्याच काचपट्टीवर, तुलनेसाठी याचा एक काप. हाच कंट्रोल. मज्जापेशींमधल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी दोघांवर सोडायची. वाल्देमारच्या पेशी तपकिरी झाल्या, की अँटिबॉडी चांगली आहे, रुग्णाचं जे दिसतंय ते खरं.

शाळेत दोनदा नापास. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. आणि आता मोंतेविदेओतले मेंदू याच्याशी ताडून बघतात!

निबिया वहिनीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माते-चहा पिताना तिला ठसका लागला. "वाल्देमार? नॉर्मल? एवढी वर्षं संसार केला, मला कुणी विचारलं नाही ते."

२ जून

आज वाल्देमारचा काप लावला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

९ जून

आजही नाही. पुष्कळ काप एकदम करून ठेवावेत, तर शिळे काप रंग धरत नाहीत. आणि ठोकळा काप करायच्या यंत्रावर चढवला, की पातं सरळ लागेपर्यंतच दोन-चार काप वाया. म्हणून वाचवतोय. सकाळी यंत्राशी बसलं की तो समोर असतो, एवढंच. जिवंतपणी समोर बसायचा तो पत्ते खेळायला, आणि फसवायचा.

२३ जून

घोटाळा झाला. सिल्व्हेरा बाईंची पट्टी फिकट आली. पेशीच दिसेनात. पेशी मेल्या, की अँटिबॉडी बिघडली? बाई गेल्या, पण त्यांची मुलगी निकालाची वाट बघते आहे. आईचा आजार आनुवंशिक निघाला तर पुढचा नंबर तिचा.

"वाल्देमार कुठे आहे?" डॉक्टर बेरुत्तीने विचारलं.

"नाही लावला."

ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला पुरवून पुरवून वापरतोयस, आणि जिवंत बाई तिकडे टांगणीला."

बरोबर बोलली. राग आला तो तेवढ्यासाठीच.

२४ जून

लावला. तोही कोरा! शेजारच्या टेबलावरचा फाबिनी म्हणाला, "शेवटी सिद्ध झालं तर. आत काही नव्हतंच." मीही हसलो. म्हणजे अँटिबॉडीच बिघडलेली. नवी बाटली उघडायची, आणि परत एक काप. उरलेला ठोकळा उजेडात धरला. मेणातून बोट दिसत होतं. यात तो संपणार.

वहिनीला फोन केला. म्हटलं, उरलंसुरलं तुला हवं असेल, राखेबरोबर नदीत सोडायला, तर मी डॉक्टरला सांगतो. ती म्हणाली, "मेल्यावर कुठे कामाला लागलाय रे तो. आता मधेच उठवू नकोस."

२६ जून

वहिनी प्रयोगशाळेत आली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाली, "यातला तो कुठला?"

"ते तपकिरी ठिपके. सगळा तोच."

"गप्प बसलाय. असा कधी बसला नाही." त्यानंतर बराच वेळ डोळा काढला नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्याच पट्टीवर सिल्व्हेरा बाईंच्या पेशीही नीट तपकिरी झाल्या होत्या. डॉक्टरला भीती होती तो आजार नव्हे. त्यात या भागातल्या पेशी उरतच नाहीत. मुलीला फोन गेला. फाबिनीने बिस्किटं आणली.

ठोकळ्याचं रिकामं खोकं टाकलं नाही.

२८ ऑगस्ट

नवा कंट्रोल लावला. कुणी निवृत्त शिक्षिका, एवढंच माहीत आहे. रंग चांगला धरते. घरी आलो, जेवलो, मॅच पाहिली. वही उघडून तारीख घातली तेव्हा लक्षात आलं— आज दिवसभरात वाल्देमार एकदाही आठवला नाही.