‘ट्राय करते’ शिकले त्याची गोष्ट

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. उरला तर तुझ्या नवऱ्यालाही दे. तब्येतीचं विचारत नाही. दोन ब्लाउज सैल करायला पाठवलेस, त्यावरूनच ती उत्तम आहे हे कळलं. आम्ही बरे आहोत. माझी शिलाई मशीन तेवढी आजारी होती, पट्टा तुटला होता. मशीन बंद म्हणजे मीच बंद. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या उसवलेल्या शिवणी बघायच्या. (लोक काय काय घालून फिरतात, तुला सांगते!)

मुलाला म्हटलं, येताना पट्टा आण. तो म्हणाला, "ट्राय करतो." मी दुसरी पास (तीही बाई कंटाळल्या म्हणून), तेव्हा नातीला अर्थ विचारला. म्हणाली, प्रयत्न करणे. मला भरूनच आलं! बिचारा ऑफिस सुटल्यावर दुकानं पालथी घालत असेल, म्हणून त्याच्या चहात साखर जास्त घालू लागले. पट्टा काही येईना. मग कान देऊन ऐकलं. साहेबांचा फोन आला की "करतो". शेजाऱ्यांनी कपाट सरकवायला बोलावलं की "ट्राय करतो". सूनही तशीच, माहेरी "जाते", नणंदेकडे "ट्राय करते". तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. नातीने अर्थ सांगितला होता, वापर नव्हता सांगितला. साखर त्याच दिवशी बंद केली.

परवा सकाळी साहेबांपुढे उभं राहायचं म्हणून यानं ठेवणीतली पॅन्ट चढवली, बूट घालायला वाकला आणि टर्रकन फाटली. कुठे ते लिहीत नाही. आली स्वारी टॉवेल गुंडाळून. "आई, पटकन शिवून दे ना!" मी सावकाश चष्मा पुसला. म्हटलं, "ट्राय करते, बाळा."

चेहरा असा पडला म्हणतेस! वापर त्याला चोख ठाऊक होता. जुनी विजार चढवून पळाला, तो माझा चहा निवायच्या आत पट्टा घेऊन हजर. (दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी निघालं.) पॅन्ट शिवून दिली. आता मशीन घरघरतेय आणि मुलगा "करतो" म्हणायला शिकतोय.

तुझी,
थोरली

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मी राहायला ये म्हटलं, तर तू लिहिलंस, ट्राय करते. तेव्हा मी अडाणी होते गं, रोज तुझी गादी झटकून ठेवायचे. आता सरळ लिही, येतेस की नाही.

आणखी एक. ब्लाउजचं म्हणशील, तर आलीस तर करते. नाही आलीस तर ट्राय करते.