बागेतले दोन तास

हिंगोली
दि. ९ एप्रिल २०२५

चि. साक्षी हिस,

जय भीम आणि आशीर्वाद. तू आणि जावईबापू नागपूरला खुशाल असाल. आमी दोघं इथं बरे आहोत. हे सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण तू ते खरं धरू नको.

फोन सोडून पत्र काहून, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, आई कशीय? मी म्हणतो, बरी हाय. जेवलात का? जेवलो. ठेवू का? ठेव. डिसेंबरापासून आपलं एवढंच बोलणं आहे. शिवाय आई शेजारी बसून ऐकत असते. तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ वळत नाही.

इकडं ऊन चढलंय. मोंढ्याकडं हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. जयंती पाच दिवसांवर आली, त्यामुळं पोरं रोज संध्याकाळी स्पीकर लावून बघतात.

रोज चारला मी आईला नगरपरिषदेच्या बागेत नेतो. करंजाला नवी पालवी आलीय, इतकी कोवळी की पानातून ऊन दिसतं. कडुनिंबाचा मोहोर आईच्या केसांत पडतो, तो मी वेचत बसतो. भिंतीपलीकडं मेन रोड. बसचे हॉर्न, ऑटो, ट्रॅक्टर. मधेच सगळं एकदम थांबतं आणि कोकीळ ऐकू येतो, की लगेच कुणीतरी हॉर्न दाबतंच. घरात शांत असलं की आई घाबरते, त्या गोंगाटात मात्र निवांत बसते. मलाही तिथं बरं वाटतं. एकतीस वर्षं एसटी चालवली, आवाजाची तकलीफ मला कधी झाली नाही.

आई मला ओळखत नाही, साक्षी. जानेवारीपासून. तुला सांगितलं नव्हतं.

मला भाऊ म्हणते. "भाऊ, आमचे मालक ड्युटीवर गेलेत. नांदेडची गाडी आली का बघा बरं." आधी आधी मी म्हणायचो, अगं पद्मा, मीच की. तर ती पदर सावरून दूर सरकायची आणि रडायची. आता म्हणतो, येतील, वाटेत आहेत. तिची वेणी घालायला मी शिकलो. आंघोळीच्या वेळी मात्र ती मला मारते. मारणारच. तिच्या लेखी मी परका माणूस आहे. रात्री तीनतीनदा उठून दाराची कडी काढते. फेब्रुवारीपासून मी सलग दोन तास झोपलेलो नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

मागच्या शुक्रवारी आमी बाकावर बसलो होतो. नांदेडची गाडी तिनं दहाबारा वेळा विचारली. मी उत्तर देत होतो. मग एकदा उत्तर द्यायला तोंडच उघडेना. मी म्हणालो, "बस इथं. पाणी घेऊन येतो."

नळ बागेतच आहे. मी नळापाशी गेलो, आणि तिथून पुढं गेलो. गेटातून बाहेर, रस्ता ओलांडून स्टँडवर. नांदेडची गाडी लागलेली होती. मी चढलो आणि खिडकीशी बसलो. कुठं जायचं हे डोक्यात नव्हतं. गाडी हलली तेव्हा आई बाकावर एकटी आहे हे मला ठाऊक होतं. विसरलो असं सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं.

आणि मला झोप लागली. गाढ.

योगेश कंडक्टर ओळखीचा, त्यानं खांदा हलवला. "ड्रायव्हरकाका, कळमनुरी आली. तिकीट न्हाई काढलं तुमी. कुठं जाऊन राहिले?" मी डोळे उघडले, आणि क्षणभर काय सुख वाटलं तुला सांगू. अंग हलकं झालं होतं. मग आठवलं. टाकून गेलो त्याच्यापेक्षा हे सुख वाटलं, ते मला जास्त खातंय.

परतीची गाडी मिळायला वेळ लागला. बागेत पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. बाक रिकामा. मी "पद्मा, पद्मा" करत सगळीकडं पळालो. स्पीकर चालू होता, माझा आवाज मलाच ऐकू येईना.

ती मागच्या वाफ्याशी सापडली. बागेत झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. आईच्या पायात एकच चप्पल.

"कुठं गेलते दादा?" द्वारकाबाई म्हणाल्या. "बाई रस्त्याच्या मधोमध गेल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हून वाचल्या."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि त्यांना विचारलं, "हे कोण वं?"

मी खाली मातीत बसलो. खोटं सांगायचं त्राण नव्हतं. म्हणालो, "टाकून गेलतो मी हिला."

त्यांनी आईच्या उघड्या पायाची माती पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "माझी सासू तीन वर्षं अशी होती. मला ठाव हाय. उद्यापासून पाच वाजता बाईला माझ्यापाशी बसवा. त्या गवत उपटतील माझ्यासंगं. तुमी त्या बाकावर पडा तासभर. पण गेटाबाहेर पाऊल न्हाई टाकायचं."

शनिवारपासून तसं चाललंय. आई गवत उपटते, कधी चांगलं रोपही उपटते. मी करंजाखाली आडवा होतो, आणि त्या हॉर्नमध्ये, त्या स्पीकरमध्ये मला झोप लागते. दिवसातला तेवढाच एक तास माझा.

पण एका तासानं भागत नाही. डिसेंबरात तू म्हणालीस, बाबा, तुमी दोघं माझ्याकडं चला, न्हाईतर मी रजा काढून येते. मी ओरडलो, माझी बायको हाय, मी बघीन, तू तुझं घर बघ. जावयासमोर बोललो. तू न जेवता गेलीस. मला वाटत होतं, बाहेरगावच्या ड्युट्यांपायी मी तिला आयुष्यभर वाट बघायला लावली, आता फेडायचं तर एकट्यानं फेडायचं. तो माझा हट्ट होता आणि त्यापायी ती ट्रॅक्टरखाली जात होती.

मला एकट्याला होत नाही, साक्षी. आज ना उद्या मी परत गाडीत बसेन, याची मला भीती वाटते.

हे वाचून तुला राग येईल. यायलाच पाहिजे. तो गिळू नको, मला समोर बसवून बोल. पण ये. आईला न्यायचं की तू इथं राहायचं, ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही.

लवकर ये.

तुझा थकलेला बाप,
ग्यानोबा