खोक्यात निजलेलं पोर

झीरिकझे, ४ मार्च १९९८

चि. क्रैन यास अनेक आशीर्वाद.

मफलर वापरतोस ना, की त्यासाठीही ताईचं पत्रच हवं? इकडे आईचं ठीक नाही. हिवाळ्यापर्यंत नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती रडली नाही. मारिनसला एकदा पाहून घेते, एवढंच म्हणाली.

तू पुरानंतर जन्मलेला, म्हणून पुन्हा सांगते. त्रेपन्नच्या पुरात आपला भाऊ मारिनस गेला आणि त्याचे सगळे फोटोही गेले. पुढे तुमच्या संग्रहालयात निजलेल्या मुलाचं ते जुनं रेखाचित्र पाहून आई म्हणाली, हुबेहूब तोच! ते भिंतीवर लागलं की ती येतेच. आता ते खोक्यात ठेवलंय म्हणे. तिच्यासाठी तेवढं उघड.

तुझी ताई याकोमिना

हार्लेम, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पण ते चित्र गेल्याच उन्हाळ्यात भिंतीवर होतं. कागदावरचं चित्र थोडे महिने उजेडात, मग कित्येक वर्षं अंधारात, हा आमचा नेम. उजेड शाई खातो आणि गेलेली शाई परत येत नाही. तरी आईसाठी अभ्यासाच्या खोलीत काढतो. पडदे मात्र बंद आणि दिवा मंद राहील. नव्या लोकांना हे नेम मीच शिकवतो, मग मीच कसे मोडू? एकोणीस तारखेला तिला घेऊन ये.

तुझा क्रैन

झीरिकझे, २० मार्च

चि. क्रैनला आशीर्वाद, पण आज जरा हात आखडूनच.

आईने तुझ्यासाठी दालचिनीचे गोड बोलस पाव भाजून आणले, तर चिकट म्हणून तू ते दाराबाहेर ठेवायला लावलेस. वर तिला हात धुवायला पाठवलंस! बसमध्ये ती त्यावर खूप हसली आणि मग खिडकीकडे तोंड फिरवून बसली. फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तपकिरी कागदापलीकडे काहीच दिसलं नाही. पोराने एवढा खटाटोप केला, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून छान दिसलं म्हणाले. तुला सांगू नको असं तिने बजावलं होतं. मी सांगते आहे. पडदा सारला असतास तर आभाळ कोसळलं असतं का रे?

याकोमिना

हार्लेम, २४ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझा राग रास्त आहे. मला माझीच लाज वाटते. येत्या गुरुवारी दुपारी खिडकीत ऊन येतं, तेव्हा मी स्वतः चित्र तिच्यासमोर उजेडात धरीन. नोकरी गेली तर गेली. तिला काही सांगू नकोस, नुसती घेऊन ये. बोलसही आण.

क्रैन

झीरिकझे, ३० मार्च

चि. क्रैन यास खूप खूप आशीर्वाद.

गुरुवारी वाट पाहिली असशील. मला राहवलं नाही, तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. वाटलं, हरखेल. तिने विचारलं, उन्हाने त्याला खरंच इजा होते का. थोडीशी होते, असं मी म्हटलं.

मग नको, म्हणाली. पुराच्या रात्री छपरावर ती मारिनसला कवटाळून बसली होती. थंडीने हात बधिर झाले आणि तो सुटला. एक माझ्या हातून गेला, आता माझ्या डोळ्यांपायी याला झिजवू नका, असं म्हणाली. क्रैन, तेव्हा मी आजीकडे होते. तो पाण्यात गेला एवढंच मला आजवर ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने हे एकटीने पोटात ठेवलं.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस. आणि खोक्याचं झाकण नीट बसलं आहे, एवढं तिला कळव. सकाळपासून तेच विचारते आहे.

तुझी ताई